सहा राउटर आणि एक नकाशा: स्टॅटिक रूटकडून ओएसपीएफकडे

लिंक तुटली होती एकच. पर्यायी रस्ता धडधाकट होता, तरीही त्या रात्री आमची एक शाखा जवळजवळ दोन तास बंद राहिली. आमच्या सहा राउटरांवरचे स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेले ठरीव रस्ते, काढून तिथे ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपापसांत बोलून रस्ते शोधायची पद्धत, आणायची, हे मी त्या रात्रीनंतर ठरवलं. ठरवण्यापासून शेवटचा स्टॅटिक रूट पुसेपर्यंत सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत काय काय झालं, ते इथे लिहिते आहे.

आधी नेटवर्कची रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आर१ आणि आर२ हे दोन मुख्य राउटर, एकमेकांना १० जीबीपीएसने जोडलेले. आर१ पासून आर३ पर्यंत १ जीबीपीएस, आर३ पासून आर४ पर्यंतही तेवढीच, आणि आर४ वरून परत आर२ कडे येणारी जुनी १०० एमबीपीएसची लिंक. म्हणजे चार राउटरांचं एक कडं झालं. आर५ हा आर१ आणि आर२ या दोघांसोबत एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच सामायिक स्थानिक जाळ्यात. आर६ अगदी टोकाला, फक्त आर४ ला जोडलेला, तोही भाड्याच्या लिंकवरून. इंटरनेट आर१ वर.

तुटली ती आर१–आर३ ची लिंक. तिच्या दोन्ही टोकांना सेवा पुरवणाऱ्याचं उपकरण आहे. त्यामुळे मधली तार मेली तरी आमच्या राउटरचं पोर्ट अपच दिसत राहिलं. पोर्ट अप असेल तर स्टॅटिक रूट जागचा हलत नाही. आर१ इमानेइतबारे आर३ ची पॅकेटं त्या पोर्टातून बाहेर ढकलत होता आणि ती गडप होत होती. मी आर१ वर आर३ चा रूट बदलून आर२ मार्गे वळवला, मग आर४ वरून आर३ मध्ये शिरून तिथला बदलला. आर२ राहिला. आर२ च्या लेखी आर३ चा रस्ता अजून आर१ मार्गेच होता. ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी आज्ञा) लावला तर ओळीमागून ओळ: आर१, आर२, आर१, आर२, थेट टीटीएल, म्हणजे पॅकेटने किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा, संपेपर्यंत. सहा यंत्रांचा हिशोब एका माणसाने पहाटे तीन वाजता डोक्यात ठेवायचा, ही पद्धतच चुकीची आहे असं मला तेव्हा अगदी आतून पटलं.

रिप या जुन्या राउटिंग पद्धतीचा विचार फार वेळ केला नाही. १५ हॉपची, म्हणजे वाटेतल्या टप्प्यांची, मर्यादा आमच्या आड आली नसती. पण तो दर ३० सेकंदांनी आख्खं टेबल शेजाऱ्याला सांगतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि प्रत्येक जण ऐकीव माहितीवर विश्वास ठेवतो. ओएसपीएफ ज्या लिंक-स्टेट जातीचं आहे, तिची रीत निराळी आहे. इथे कुठलाही राउटर दुसऱ्याला रस्ता सांगत नाही. तो फक्त स्वतःपुरतं बोलतो: मी अमुक, माझे शेजारी हे, त्यांच्याकडे जायची माझी किंमत एवढी. हे निवेदन, म्हणजे एलएसए, जसंच्या तसं सगळ्यांपर्यंत पोचतं. मग प्रत्येक जण सगळ्यांची निवेदनं जुळवून नकाशा बनवतो आणि स्वतःला मध्यभागी ठेवून डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ साली छापल्या गेलेल्या पद्धतीने सर्वांत स्वस्त रस्ते काढतो. त्याच जातीचा आयएस-आयएसही हेच करतो आणि तो मला आवडतो. पण आमच्या सगळ्या राउटरांवर ओएसपीएफ होतं आणि सहकाऱ्यांना त्याची तोंडओळख होती, म्हणून ते निवडलं. जॉन मॉय यांनी लिहिलेला, एप्रिल १९९८ चा आरएफसी २३२८, म्हणजे ओएसपीएफचा मानक दस्तऐवज, मी या निमित्ताने पुन्हा नीट वाचला. तो लांबलचक आहे, पण शेजारीपणाच्या अवस्थांचा भाग ज्याने वाचला त्याचे पुढचे कित्येक तास वाचतात.

पहिले दोन आठवडे आभासी यंत्रांवर सराव केला. एकच साचा करून सहा यंत्रं काढली आणि तिथेच पहिली ठेच लागली. आर५ आणि आर६ या दोघांवर राउटर आयडी, म्हणजे ओएसपीएफमधली राउटरची ओळख, एकच राहिला, १०.२५५.०.५. दोघं एकमेकांचे थेट शेजारी नसल्याने कुणीच तक्रार केली नाही. सगळीकडे शेजारीपण फुल, म्हणजे पूर्ण जुळलेलं. मात्र राउटिंग टेबलमध्ये कधी आर५ चं लॅन दिसायचं, कधी आर६ चं. आर२ वर डेटाबेस उघडून १०.२५५.०.५ च्या एलएसएकडे पाहत बसले. एलएसएचं वय एरवी शेकड्यांत असतं, कारण काही बदललं नाही तर तो १८०० सेकंदांनीच ताजा होतो. इथे वय ३, मग १, मग ४. आणि निवेदनाचा क्रमांक, जो जितका मोठा तितकं निवेदन नवं, दर काही सेकंदांनी पुढे सरकत होता. काय चाललं होतं ते लक्षात आलं. आर५ ला स्वतःच्या नावाने निघालेलं, पण आपण न लिहिलेलं निवेदन मिळत होतं. तो समजायचा की हे आपलंच जुनं काहीतरी फिरतंय, म्हणून वरचा क्रमांक घालून आपलं खरं निवेदन काढायचा. तिकडे आर६ ही नेमकं तेच करायचा. दोघंही नियमाप्रमाणेच वागत होते.

या क्रमांकांमागे एक जुनी घटना आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, काही तास ठप्प झालं होतं. एरिक रोझेन यांनी आरएफसी ७८९ मध्ये त्याचं विश्लेषण लिहून ठेवलं आहे. एका नोडच्या स्थितीचे तीन संदेश फिरत राहिले, क्रमांक ४४, ४० आणि ८. स्मृतीतले बिट गळाल्यामुळे एकाचे तीन झाले होते. क्रमांक सहा बिटांचे आणि घड्याळासारखे गोल फिरणारे. त्या हिशोबात ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा, आणि ४४ पेक्षा ८ नवा. प्रत्येक नोड प्रत्येक संदेश नवा समजून पुढे पाठवत राहिला. ओएसपीएफमध्ये क्रमांक गोल नाही, सरळ रेषेत चढत जातो. प्रत्येक एलएसएवर चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते ओळखणारा आकडा, असतो, आणि ३६०० सेकंद वय झालेलं निवेदन बाद होतं. माझ्या सरावातली मारामारी फक्त दोन लॅनपुरती राहिली आणि बाकीचं नेटवर्क सुरळीत चाललं. त्यामागे या दुरुस्त्यांचाही वाटा आहे.

त्यानंतर राउटर आयडीची गोष्ट नशिबावर सोडली नाही. प्रत्येकावर लूपबॅक, म्हणजे कुठल्याही तारेशी न बांधलेला आभासी इंटरफेस, घेतला, १०.२५५.०.१ पासून १०.२५५.०.६ पर्यंत, आणि तोच आकडा राउटर आयडी म्हणून हाताने लिहिला. न लिहिल्यास राउटर स्वतःच्या लूपबॅकांमधला सर्वांत मोठा पत्ता उचलतो, लूपबॅक नसेल तर इंटरफेसमधला. उद्या कुणी नवा लूपबॅक टाकला आणि राउटर रीस्टार्ट झाला, की त्याची ओळखच बदलते.

खऱ्या राउटरांवर जाताना एका गोष्टीने मोठा धीर दिला. आमच्या राउटरांवर स्टॅटिक रूटचं अंतर (कुणाच्या रूटवर आधी विश्वास ठेवायचा ते ठरवणारा आकडा) १ आणि ओएसपीएफचं ११०. कमी अंतराचा रूट जिंकतो. म्हणजे स्टॅटिक रूट जागेवर ठेवून ओएसपीएफ खुशाल चालू करता येतं. ते शेजारी शोधतं, नकाशा बनवतं, रस्ते काढतं, पण एकही पॅकेट त्याच्या सांगण्यावरून हलत नाही. मी तीन आठवडे ते असंच सावलीत चालवलं.

एरिया, म्हणजे ओएसपीएफसाठी नेटवर्कचा पाडलेला विभाग, एकच ठेवला, शून्य. सहा राउटरांसाठी एरिया पाडणं म्हणजे विनाकारण गुंता, आणि त्याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. नेटवर्क आणि वाइल्डकार्ड मास्क लिहायच्या जुन्या पद्धतीऐवजी थेट इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ १ एरिया ०’ लिहिलं. वाइल्डकार्ड उलटा असतो, /३० साठी ०.०.०.३, आणि घाईत एक आकडा चुकला की भलताच इंटरफेस आत येतो किंवा हवा तो बाहेर राहतो. वापरणाऱ्यांच्या लॅनवर हेलो, म्हणजे शेजारी शोधणारी पॅकेटं, पाठवायचं कारण नाही. म्हणून आधी सगळे इंटरफेस पॅसिव्ह केले आणि राउटर-राउटरमधल्या लिंका तेवढ्या उघडल्या. पॅसिव्ह इंटरफेसचं नेटवर्क जाहीर होतं, फक्त तिथे शेजारी शोधला जात नाही. हा फरक समजावून सांगावा लागला, कारण पॅसिव्ह म्हणजे बंद असं सहकाऱ्यांना वाटत होतं.

पहिली जोडी आर१–आर२. दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडून डीबग लावला. हेलो २२४.०.०.५ वर निघाला. समोरून हेलो आला आणि अवस्था इनिट. त्याच्या हेलोत आपला आयडी दिसला, टू-वे. मग एक्सस्टार्ट, एक्सचेंज, लोडिंग, आणि लॉगमध्ये ती ओळ: ‘फ्रॉम लोडिंग टू फुल, लोडिंग डन’. सगळं मिळून एक-दोन सेकंद. ही ओळ मी त्यानंतर किती वेळा पाहिली असेल, पण त्या दिवशीचा आनंद वेगळा होता.

दोनच राउटर असलेल्या लिंका पॉइंट-टू-पॉइंट प्रकारच्या करायच्या, असं कागदावर ठरलं होतं. नाहीतर इथरनेटवर राउटर डीआर (त्या जोडणीवरचा मुख्य राउटर) निवडत बसतो आणि सुरुवातीलाच ४० सेकंद वाट पाहतो. खरा डीआर फक्त आर१, आर२ आणि आर५ च्या व्हीलॅनवर हवा होता. तिथे आर२ आणि आर५ आधी चालू केले. दोघांची प्रायॉरिटी १, आर५ चा आयडी मोठा, म्हणून तो डीआर आणि आर२ बीडीआर, म्हणजे राखीव डीआर. मग आर१ आला. मला आर१ डीआर हवा होता, म्हणून त्याची प्रायॉरिटी १०० केली. काहीच हललं नाही. एकदा निवडलेला डीआर केवळ मोठा कुणी आला म्हणून जागा सोडत नाही. आर५ ची प्रायॉरिटी ० केल्यावर त्याने जागा सोडली, पण ती गेली बीडीआरला, म्हणजे आर२ ला. आर१ बीडीआर झाला. तसंच राहू दिलं. डीआर वाहतूक वाहत नाही, फक्त निवेदनांची देवाणघेवाण त्याच्यामार्फत होते. त्यासाठी आर२ काय नि आर१ काय.

खरा घाम काढला तो आर४–आर६ ने. हेलो दोन्हीकडून पोचत होते, एरिया, टायमर, सबनेट, किल्ली, सगळं जुळत होतं. तरी फुल होईना. आर६ वर पाहिलं तर शेजारी आर४, अवस्था एक्सस्टार्ट. आर४ वर पाहिलं तर शेजारी आर६, अवस्था एक्सचेंज. दर ५ सेकंदांनी तेच पॅकेट पुन्हा जायचं, शेवटी फार वेळा पाठवून झालं अशी नोंद होऊन शेजारीपण तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आर६ च्या जागेवर असलेला सहकारी फोनवर होता.

“मॅडम, पिंग तर नीट जातंय. लिंकमध्ये काही दोष नाही.”

“किती बाइटचं पिंग पाठवलंत?”

“नेहमीचंच. १०० बाइटचं.”

“आता १५०० चं पाठवा, आणि तुकडे करू नकोस हा पर्याय लावा.”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “जात नाही मॅडम. पाठवायलाच तयार नाही. इथे इंटरफेसवर एमटीयू १४०० दिसतोय.”

तिथेच उलगडा झाला. एमटीयू म्हणजे इंटरफेसवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. भाड्याच्या लिंकवरून मोठी पॅकेटं पार होत नाहीत म्हणून कधीतरी कुणीतरी आर६ च्या बाजूला एमटीयू १४०० केला होता. आर४ च्या बाजूला तो १५०० च राहिला. हेलो आकाराने लहान, त्यांना फरक पडला नाही. पण एक्सस्टार्टमध्ये जे डेटाबेस वर्णनाचं पॅकेट जातं, त्यात प्रत्येक जण आपला एमटीयू लिहितो. समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असेल तर राउटर ते पॅकेट नाकारतो. आर६ चा आयडी मोठा, म्हणून या बोलण्यात तो मास्टर. त्याचा १४०० आर४ ने मान्य केला आणि तो एक पायरी पुढे, एक्सचेंजमध्ये गेला. आर४ च्या उत्तरात १५०० लिहिलेलं होतं, ते आर६ ने टाकून दिलं आणि तो एक्सस्टार्टमध्येच थांबला. दोन बाजूंना दोन वेगळ्या अवस्था का दिसत होत्या, याचा अर्थ लागला.

या तक्रारीवर एक झटपट उपाय सर्रास सुचवला जातो: एमटीयूकडे दुर्लक्ष कर अशी एक ओळ इंटरफेसवर लिहायची. सहकाऱ्यानेही तेच सुचवलं. मी ती ओळ लिहिली नाही आणि कुणी लिहू नये असं माझं ठाम मत आहे. आज डेटाबेस लहान आहे म्हणून सगळं १४०० च्या आत बसेल. उद्या निवेदनांचं एखादं पॅकेट मोठं झालं, की ते वाटेत गडप होईल आणि शेजारीपण लोडिंगवर अडकेल, तेही अशा दिवशी जेव्हा हे जुनं दुर्लक्ष कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. आर४ वरही एमटीयू १४०० केला. काही सेकंदांत फुल.

आता सगळी शेजारीपणं फुल होती, आणि मला वाटलं काम झालं. पण सावलीत चालणाऱ्या ओएसपीएफचा एक धोका आहे: काही चुकलेलं असेल तरी कळत नाही, कारण स्टॅटिक रूट सगळं सांभाळून घेतात. पिंग जातो, तक्रार येत नाही. म्हणून एका दुपारी आर५ वरून आख्खा डेटाबेस काढला आणि फक्त त्यावरून कागदावर नेटवर्क रेखाटायला बसले. भिंतीवरचा आराखडा मुद्दाम पाहिला नाही. आर१ चा एलएसए वाचायचा, तो ज्या ज्या शेजाऱ्याचं नाव घेतो तिकडे रेघ ओढायची, किंमत लिहायची. मग आर२, मग आर३. रेघ दोन्ही बाजूंनी ओढली गेली तरच पक्की करायची.

आर३ म्हणत होता: माझी आर४ शी पॉइंट-टू-पॉइंट लिंक आहे. आर४ च्या एलएसएमध्ये आर३ चं नावच नव्हतं. तो म्हणत होता: माझी एका ट्रान्झिट (अनेक राउटरांच्या सामायिक) नेटवर्कशी जोडणी आहे, आणि तिथला डीआर मीच. आर४ च्या त्या इंटरफेसवर पॉइंट-टू-पॉइंट लिहायचं राहून गेलं होतं. दोन्ही प्रकारांत हेलो १० सेकंद आणि डेड ४० सेकंदच असल्याने शेजारीपण बिनतक्रार जुळलं, फुलही झालं. पण रस्ते काढताना राउटर दोन्ही टोकांची साक्ष तपासतो. मी तुझा शेजारी आणि तू माझा शेजारी, असं दोघांनी एकाच भाषेत म्हटलं नाही तर ती लिंक हिशोबात धरली जात नाही. म्हणजे फुल दिसणारी ही लिंक नकाशात नव्हतीच. स्टॅटिक रूट त्या दिवशी काढले असते तर आर३ ची आर४ कडची सगळी वाहतूक आर१ आणि आर२ मार्गे वळसा घेऊन १०० एमबीपीएसवरून गेली असती. कागदावर ती अर्धी रेघ पाहिली आणि पुढचा सगळा आठवडा दररोज एकदा असा नकाशा काढला. शेजाऱ्यांची यादी पाहून समाधान मानणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: डेटाबेस वाचा.

त्यानंतर किमती. सिस्कोच्या पद्धतीत किंमत म्हणजे १०० एमबीपीएस भागिले लिंकचा वेग, आणि १ पेक्षा कमी नाही. या हिशोबात आमची १० जीबीपीएस, १ जीबीपीएस आणि १०० एमबीपीएस, तिन्ही लिंकांची किंमत १. हा संदर्भ वेग सहाही राउटरांवर बदलून १०० जीबीपीएस केला. आता किमती १०, १०० आणि १००० झाल्या. एका राउटरवर जरी हा आकडा वेगळा राहिला तरी किमतींची तुलना निरर्थक होते, म्हणून सहाच्या सहा ठिकाणी डोळ्यांनी पाहून खूण केली.

स्टॅटिक रूट काढण्याच्या रात्रीची मला खरी भीती होती ती लूपची. एका राउटरवर स्टॅटिक जुना रस्ता दाखवतोय आणि शेजारच्यावर ओएसपीएफ नवा, अशी अर्धीमुर्धी स्थिती आली की पहिल्या रात्रीचंच चित्र पुन्हा दिसणार. बराच विचार करून एक नियम ठरवला: आधी ओएसपीएफला जुन्या रस्त्यांवर आणायचं, मग स्टॅटिक हलवायचे, आणि नवे, चांगले रस्ते त्यानंतर. प्रत्येक राउटरवर, प्रत्येक नेटवर्कसाठी, दोघांचा पुढचा टप्पा एकच असेल तर स्टॅटिक कुठल्याही क्रमाने काढा, पॅकेटला फरक कळणारच नाही.

फरक फक्त आर४ भोवती होता. स्टॅटिकप्रमाणे आर४ थेट १०० एमबीपीएसवरून आर२ कडे जायचा, किंमत १०००. ओएसपीएफला आर३ आणि आर१ मार्गे वळसा स्वस्त वाटत होता, १०० अधिक १०० अधिक १०, म्हणजे २१०. म्हणून तात्पुरती, त्या लिंकच्या दोन्ही टोकांवर हाताने किंमत १५० लिहिली. दोन्ही टोकांवर, कारण किंमत बाहेर जाणाऱ्या इंटरफेसची असते. एकाच टोकाला लिहिली तर पॅकेट एका वाटेने जातं आणि दुसऱ्या वाटेने येतं. मग सहाही राउटरांची यादी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली. डिफॉल्ट रूट (दुसरा रस्ता माहीत नसेल तेव्हा वापरायचा) आर१ ने जाहीर करायला सुरुवात केली होती, तोही जुळला.

स्टॅटिक एकदम पुसले नाहीत, त्यांचं अंतर १ वरून २०० केलं. आता ११० चं ओएसपीएफ पुढे आणि स्टॅटिक मागे. काही बिघडलं तर ओएसपीएफ बंद करायचं, की जुनी घडी आपोआप परत. रात्री साडेअकराला आर६ पासून सुरुवात केली, आर१ शेवटी. सहाही शाखांकडे पिंग चालू ठेवला होता. सव्वाबारा वाजता शेवटची ओळ लिहिली तेव्हा एकही पिंग चुकलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम तोडफोड केली. आधी आर४–आर६ ची केबल काढायला सांगितली. आर६ चं लॅन ओएसपीएफमधून नाहीसं झालं, ते बरोबरच. पण त्याबरोबर आर२ वरचा २०० अंतराचा स्टॅटिक जागा झाला आणि पॅकेटं आर४ कडे पाठवू लागला. आर४ चं पोर्ट डाऊन असल्याने त्याचा स्टॅटिक आधीच गेलेला. त्याने ती डिफॉल्टवरून परत आर२ कडे टाकली. पुन्हा लूप. मागे ठेवलेले स्टॅटिक आधार म्हणून बरे वाटतात, पण मेलेल्या ठिकाणाला ते जिवंत दाखवतात. त्याच दिवशी सगळे पुसून टाकले. उरला तो फक्त आर१ वरचा, इंटरनेटकडे जाणारा.

मग आर१–आर३. सेवा पुरवणाऱ्याला कळवून आर३ च्या बाजूला त्यांच्या उपकरणापलीकडची फायबर काढली, म्हणजे पोर्ट दोन्हीकडे अपच राहणार, अगदी त्या रात्रीसारखं. घड्याळ लावून बसले. पिंग थांबला. ३५ सेकंद, ३८, मग शेजारी पडल्याची नोंद आणि पिंग पुन्हा सुरू, आता आर२ आणि आर४ मार्गे. दोन तासांवरून ४० सेकंदांच्या आत. तरी फोनवर बोलणाऱ्या माणसासाठी ४० सेकंद म्हणजे कॉल तुटलाच. हेलो टायमर ओढून कमी करण्यापेक्षा त्या लिंकवर बीएफडी लावलं, दर ३०० मिलिसेकंदांनी एक पॅकेट आणि तीन चुकले की लिंक मेली. पुन्हा फायबर काढली. दोन पिंग गेले.

सगळ्यात शेवटी आर४–आर२ वरची हाताने लिहिलेली १५० ही किंमत दोन्ही टोकांवरून काढली. किंमत पुन्हा १००० झाली, आणि आर४ ची वाहतूक त्या जुन्या अरुंद लिंकवरून उतरून आर३ कडच्या रुंद रस्त्याला लागली. काउंटर पाहत होते. एका बाजूचा आकडा पडत गेला, दुसऱ्या बाजूचा चढत गेला. १०० एमबीपीएसची ती लिंक आता बहुतेक वेळ मोकळी असते.

महिन्याभराने एका सकाळी लॉग चाळताना आर१ वर एक नोंद दिसली. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी १०.२५५.०.३ शेजारी पडला, कारण बीएफडी. ३ वाजून ४१ मिनिटांनी पुन्हा ‘फ्रॉम लोडिंग टू फुल’. मधला जवळजवळ दीड तास आर३ उलट्या वाटेने चालला होता. कुणाचाही फोन आला नव्हता. मी दोन्ही वेळा लिहून घेतल्या आणि सेवा पुरवणाऱ्याकडे लिंकची तक्रार नोंदवली.